'विदाउट यू' लिहिणारा टॉम एव्हन्स: गाणं जगभर वाजलं, पैसे कुठे गेले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कोल्हापूरला एका बँडमध्ये बेस वाजवतो. 'विदाउट यू' हे गाणं मी इतकी वर्षं मराया कॅरीचं समजत होतो. मग कुणी म्हणालं हॅरी निल्सनचं. आता कळतंय की ते बॅडफिंगर नावाच्या बँडमधल्या टॉम एव्हन्स आणि पीट हॅम या दोघांनी लिहिलं, आणि दोघंही पैशाच्या विवंचनेत गेले. हा टॉम एव्हन्स कोण? एवढं गाजलेलं गाणं नावावर असताना असं झालं कसं? आमचा बँड सध्या एका मॅनेजरशी करार करायच्या बेतात आहे, म्हणूनही विचारतोय."

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लांबवायचं ठरवलं. मी गेली सव्वीस वर्षं मुंबईत गायक-संगीतकारांचे करार आणि रॉयल्टीचे हिशेब बघतो. त्याआधी सहा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो, म्हणजे स्टेजवर सगळ्यांत मागे उभं राहायचं आणि कार्यक्रमानंतर हातात पडेल ते पाकीट न मोजता खिशात घालायचं. त्यामुळे टॉमबद्दल मला थोडी जास्तच माया आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या कहाणीत एक लबाड मॅनेजर आहे आणि सगळे लेख त्याच्यावरच संपतात. पण टॉम गेला त्याच्या आदल्या रात्री त्याचं भांडण झालं ते त्या मॅनेजरशी नाही, बँडमधल्या जुन्या दोस्ताशी. मला ती रात्र जास्त महत्त्वाची वाटते.

टॉम एव्हन्स लिव्हरपूलचा, जन्म ५ जून १९४७. बीटल्सच्या गावचा, पण बीटल्सपेक्षा चार-सात वर्षांनी लहान, म्हणजे त्यांच्या सावलीत वाढलेली पिढी. १९६७ मध्ये तो 'द आयव्हीज' या बँडमध्ये गेला. हा बँड मूळचा वेल्समधल्या स्वान्सीचा. पीट हॅम, ड्रमवर माइक गिबिन्स, बेसवर रॉन ग्रिफिथ्स. लंडनमध्ये गोल्डर्स ग्रीन भागात मॅनेजर बिल कॉलिन्सबरोबर सगळे एकाच घरात राहायचे आणि रात्रंदिवस गाणी रचून टेप करायचे. बीटल्सचा रोड मॅनेजर मॅल एव्हन्स (आडनाव एकच, नातं काही नाही) त्या टेप बीटल्सना ऐकवत राहिला, आणि १९६८ मध्ये बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल कंपनीनं त्यांना करारबद्ध केलं. पहिलं गाणं निघालं ते टॉमनं लिहिलेलं, 'मेबी टुमॉरो'. युरोपात काही ठिकाणी ते चांगलं चाललं. खुद्द इंग्लंडमध्ये कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग आलं 'कम अँड गेट इट'. हे गाणं पॉल मॅकार्टनीचं. त्यानं जुलै १९६९ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत सगळी वाद्यं एकट्यानं वाजवून तासाभरात नमुना तयार केला आणि पोरांना बजावलं की यात तसूभरही बदल करायचा नाही. गायचं कुणी यासाठी त्यानं एकेकाला गाऊन दाखवायला लावलं आणि टॉमला निवडलं. बँडचं नाव बदलून बॅडफिंगर झालं, गाणं इंग्लंडमध्ये चौथ्या आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. याच सुमारास रॉन ग्रिफिथ्स बाहेर पडला आणि जोई मोलंड हा लिव्हरपूलचाच गिटारवादक आत आला. गिटारवाले तीन झाले, बेसला कुणी उरला नाही. टॉमनं बेस उचलला. बँडला गरज होती म्हणून बेस धरलेले किती जण मला माहीत आहेत विचारू नका. तुम्हीही त्यातलेच असाल तर नवल नाही.

पुढची दोन वर्षं या चौघांची चैन होती, निदान बाहेरून बघणाऱ्याला. जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'वर त्यांनी साथ केली. जॉन लेननच्या 'इमॅजिन' अल्बममध्ये टॉम आणि जोईची गिटार आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी कार्यक्रम झाला. आपल्याकडे त्याची आठवण निघते ती रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँसाहेबांमुळे. त्याच मंचावर नंतरच्या भागात अकूस्टिक गिटारी घेऊन उभे असलेले तीन तरुण म्हणजे टॉम, पीट आणि जोई. आमच्या घरी त्या कार्यक्रमाची कॅसेट होती. वडील सतारीची बाजू लावायचे, मी उलटी बाजू लावायचो, आणि या तिघांच्या गिटारी त्या गदारोळात वेगळ्या काढायचा प्रयत्न करायचो. आजतागायत जमलेलं नाही.

आता 'विदाउट यू'. पीटकडे एक गाणं होतं, ज्याचा अंतरा छान होता पण मुखडा बसत नव्हता. टॉमकडे मुखडा होता, अंतरा नव्हता. दोन अर्धवट गाणी जोडून एक केलं. नोव्हेंबर १९७० च्या 'नो डाइस' अल्बममध्ये ते आलं, सिंगल म्हणून काढावं असं कुणालाच वाटलं नाही. मूळ ध्वनिमुद्रण मुद्दाम ऐका. पीटचा अंतरा बोलल्यासारखा, खालच्या पट्टीत, गुपित सांगावं तसा चालतो आणि टॉमचा मुखडा एकाच भावनेला धरून वर चढतो. पण बँड त्याला उडू देत नाही. ड्रम आणि ऑर्गन त्याला जमिनीला धरून ठेवतात. हॅरी निल्सननं ते एका पार्टीत ऐकलं आणि त्याला ते बीटल्सचंच गाणं वाटलं. खरं कळल्यावरही त्यानं ते सोडलं नाही. निर्माता रिचर्ड पेरीनं सुरुवातीला नुसता पियानो ठेवला आणि टॉमचा मुखडा निल्सनच्या गळ्यातून सप्तक ओलांडून आभाळात सोडला. १९७२ मध्ये ते अमेरिकेत चार आठवडे आणि इंग्लंडमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पीट आणि टॉमला गीतलेखनाचा आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाला. १९९४ मध्ये मराया कॅरीनं ते पुन्हा इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. तुम्ही ऐकलंत ते हे तिसरं रूप.

इथे जरा थांबून पैशाची वाट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. कुठल्याही गाण्याच्या दोन मिळकती असतात. एक रचनेची: शब्द आणि चाल. दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. निल्सनची रेकॉर्ड विकली गेली की ध्वनिमुद्रणाचे पैसे त्याच्या कंपनीला आणि त्याला. रचनेचे पैसे संगीत प्रकाशकामार्फत, म्हणजे रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीमार्फत, पीट आणि टॉमला. जोई आणि माइकला? शून्य. त्यांनी ते लिहिलेलं नाही आणि निल्सनच्या रेकॉर्डवर वाजवलेलंही नाही. शिवाय अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर गायक-वादकांना काही मिळत नाही, फक्त लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला मिळतं. म्हणजे चार पोरं एका गाडीत बसून गावोगाव फिरतात, सारखंच राबतात, आणि त्यांतल्या दोघांच्या नावावर जगातलं एक सगळ्यांत जास्त वाजणारं गाणं जमा होतं. कायद्यानं हे अगदी बरोबर आहे. गाडीत बसलेल्या बाकीच्या दोघांना ते कसं वाटत असेल, ते तुम्ही बँडवाले आहात, तुम्हाला सांगायला नको.

उलट उदाहरणही त्याच बँडमध्ये आहे. 'बेबी ब्लू' हे एकट्या पीटनं लिहिलेलं. २०१३ मध्ये 'ब्रेकिंग बॅड' या मालिकेच्या शेवटच्या दृश्यात ते वाजलं आणि एका रात्रीत लोक ते शोधायला लागले. तिथे रचनेत टॉमचा वाटा नाही, पण ध्वनिमुद्रण बॅडफिंगरचंच असल्यानं वाजवणारा म्हणून त्याचं काम त्यात आहे. एकाच बँडची दोन गाणी, पण पैशाचा नकाशा पूर्ण वेगळा.

आता तो लबाड मॅनेजर. १९७० च्या अखेरीस बँडनं न्यू यॉर्कच्या स्टॅन पॉलीशी करार केला. त्यानं 'बॅडफिंगर एंटरप्रायझेस' नावाची कंपनी काढली. दौऱ्यांचे, रेकॉर्डचे, गीतलेखनाचे, सगळे पैसे त्याच्या ताब्यातल्या कंपन्यांमध्ये जाणार आणि पोरांना पगार मिळणार, अशी ती व्यवस्था. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसतं. कर वाचतो, कटकट वाचते, महिन्याला ठरावीक रक्कम येते. माझ्याकडे येणारे निम्मे तरुण आजही अशाच व्यवस्थेवर खूश होऊन येतात.

८ डिसेंबर १९७० ते ३१ ऑक्टोबर १९७१ या काळाचं एक हिशेबपत्रक नंतर बाहेर आलं. त्यातले आकडे मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत, कारण कुणी समोर बसला की तेच दाखवतो. पगार आणि उचल: जोई ८,३३९ डॉलर, टॉम ६,८६१, पीट ६,२११, माइक ५,९५९. कंपनीचा निव्वळ नफा २४,५६९ डॉलर. मॅनेजरचं कमिशन ७५,७४४ डॉलर.

बेरीज करा. चौघांचे मिळून २७,३७० डॉलर. एकट्या मॅनेजरचे त्याच्या पावणेतीन पट. या तीन नोंदींच्या एकूण बेरजेतला ५९ टक्के वाटा कमिशनचा, आणि उरलेला नफा ज्या कंपनीत पडून होता तिच्या किल्ल्याही त्याच्याच कमरेला. यात कुठे खाडाखोड नाही, खोटी सही नाही. चोरी पत्रकात लपवलेलीच नव्हती, स्वच्छ अक्षरात छापलेली होती. पोरांनी ते वाचलं असतं तर शाळेतल्या बेरजेवर प्रकरण बाहेर आलं असतं.

१९७२ मध्ये पॉलीनं वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीशी मोठा करार केला. वर्षाला दोन अल्बम, सहा वर्षं. (वर्षाला दोन अल्बम हे कलमच बँड मारायला पुरेसं आहे, पण ते जाऊ दे.) आगाऊ रकमेतला काही भाग एस्क्रो खात्यात, म्हणजे दोन्ही बाजूंसाठी सुरक्षित ठेवायच्या खात्यात, राहणार होता. काही काळानं वॉर्नरच्या प्रकाशन विभागानं विचारलं, ते पैसे कुठे आहेत? उत्तर नाही. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांनी पॉलीवर आणि बँडवरही दावा लावला. नुकताच निघालेला आणि समीक्षकांनी वाखाणलेला 'विश यू वर हिअर' हा अल्बम सात आठवड्यांत दुकानांतून मागे घेतला गेला. पोरांचा पगार बंद पडला. पीटनं नवं घर घेतलेलं, घरात बाळ येणार होतं. २३ एप्रिल १९७५ च्या रात्री तो आणि टॉम बरोबर होते. पैसे गेले आहेत हे पीटला कळलेलं होतं. टॉमनं त्याला घरी सोडलं. पहाटे पीटनं आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत पॉलीचं नाव होतं. अठ्ठाविसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. मुलगी महिन्याभरानं जन्मली.

पुढची आठ वर्षं टॉमनं ज्या प्रकारे काढली ती मला पीटच्या जाण्याइतकीच जड वाटतात. ॲपलच्या काळातली रॉयल्टी कोर्टकज्ज्यांत अडकलेली. 'द डॉजर्स' नावाच्या बँडमध्ये थोडे दिवस. मग काही काळ संगीतच बाजूला. १९७९ मध्ये जोईबरोबर बॅडफिंगर पुन्हा उभा केला, 'एअरवेव्ह्ज' काढला. १९८१ मध्ये 'से नो मोअर'. त्यातलं टॉमचं 'होल्ड ऑन' अमेरिकेत छप्पन्नाव्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि थांबलं. दोघांचं पटेना. मग एकाच नावाचे दोन बँड: एक टॉमचा, एक जोईचा, दोन्ही स्वतःला बॅडफिंगर म्हणवणारे. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा फुटला की दोन्ही गट जुनंच नाव लावून गणपतीच्या सुपाऱ्या घेतात, तसंच. टॉमनं अमेरिकेत दौऱ्यासाठी मिलवॉकीच्या एका व्यावसायिकाशी करार केला, दौऱ्याची धूळधाण झाली, टॉमनं तो अर्धवट सोडला आणि ५० लाख डॉलरचा दावा ओढवून घेतला. एकदा कराराच्या कागदानं पोळलेला माणूस दुसऱ्यांदा तसाच कागद सही करतो, हे लोकांना खोटं वाटतं. मला वाटत नाही. पैशाची चणचण असली की माणूस कलमं वाचत नाही, वरची रक्कम वाचतो.

१८ नोव्हेंबर १९८३ च्या रात्री टॉम आणि जोई फोनवर खूप वेळ भांडले. विषय दोन: ॲपलच्या काळातले अडकून पडलेले पैसे, आणि 'विदाउट यू'च्या लेखनाची रॉयल्टी, जी आता टॉमला मिळू लागली होती. त्यात जोई, माइक आणि जुना मॅनेजर बिल कॉलिन्स यांना वाटा हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉमनंही आत्महत्या केली. वय ३६.

जोईला खलनायक करू नका. सगळी मिळकत वर्षानुवर्षं एकाच हौदात गेलेली असताना, चौघं एकाच कंपनीच्या पगारावर जगलेले असताना, 'हे सगळ्यांचं' असं वाटणं अगदी माणसासारखं आहे. टॉमला 'हे माझं आणि पीटचं' वाटणं कायद्यानं बरोबर आहे. पॉलीनं पैसे नेले, पण त्याआधी सगळं एका हौदात ओतून त्यानं कुणाचं काय याची खूणच पुसली. दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, ॲपलच्या पैशांचा वाद मिटला आणि रॉयल्टी वाटायला सुरुवात झाली.

माझंही एक सांगतो. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत मी आणि माझ्या एका कीबोर्डवाल्या मित्रानं दादर ते ठाणे लोकलमध्ये एका जाहिरातीची चाल बांधली. पहिला भाग त्याचा, शेवटची उठाण माझी. जाहिरात चालली, एका कंपनीनं एकरकमी चाळीस हजार दिले, चेक त्याच्या नावावर आला. निम्मे की तिसरा हिस्सा यावरून जे झालं त्यानंतर आम्ही एकमेकांच्या मुलांच्या लग्नालाही गेलो नाही. चाळीस हजारांत हे होतं. टॉमच्या गाण्यावर लेखकांचा हक्क इंग्लिश कायद्यानं दोघांपैकी नंतर गेलेल्याच्या मृत्यूच्या वर्षानंतर सत्तर वर्षं, म्हणजे २०५३ च्या अखेरपर्यंत आहे. इतकी वर्षं एखादं भांडण जिवंत राहू शकतं.

आता तुमच्या बँडकडे येतो. नवं गाणं बांधून झालं की त्याच संध्याकाळी एका कागदावर गाण्याचं नाव, कोणाचे शब्द, कोणाची चाल, प्रत्येकाचा टक्का लिहून सगळ्यांनी सह्या करा. धंद्यात याला स्प्लिट शीट म्हणतात. सगळं समसमान वाटायचं ठरवलंत तरी हरकत नाही, जगातले काही मोठे बँड तसंच करतात, पण ते लिहा. बेसच्या एका ओळीवर अख्खं गाणं उभं असेल तर ती चाल आहे की साथ, हा वाद तालमीच्या खोलीत घाला, वकिलाकडे नको.

आपल्या कायद्याचं एक पाठबळ तुम्हाला आहे, जे टॉमला नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानं कायमचा सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. चित्रपटगृहात चित्रपट दाखवण्यापुरता अपवाद आहे. हक्क दुसऱ्याला देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. जे जे गाणी लिहितात किंवा बांधतात त्यांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासदत्व स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या बँक खात्यावर घ्यावं. मॅनेजरच्या खात्यावर नाही, बँडच्या सामायिक खात्यावरही नाही. वादकांचे हक्क वेगळे आहेत, ते पुन्हा कधीतरी.

मॅनेजरच्या करारात मी आधी दोनच कलमं बघतो. पैसे प्रथम कुणाच्या खात्यात पडतात, आणि कमिशन कशावर मोजलं जातं: आलेल्या रकमेवर की खर्च वजा जाता. प्रवास, राहणं, साउंडवाला यांचा खर्च तुमचा आणि कमिशन मात्र आलेल्या पूर्ण रकमेवर, असं असेल तर महिनाअखेर तुमच्या हातात भेळेपुरते पैसे उरतात. तिसरी गोष्ट कलम नाही, सवय आहे. दर तीन महिन्यांनी हिशेबपत्रक मागायचं आणि सगळ्यांनी एकत्र बसून बेरीज करायची. उशीर झाला तर फोन नाही, लेखी विचारायचं.

तुमच्या मसुद्यातली ती दोन कलमं जशीच्या तशी मला पाठवा, मॅनेजरचं नाव झाकून. आणि तुमच्या बँडमध्ये सध्या गाणी कोण लिहितं तेही सांगा, कारण ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलंच नाही.